वस्तीच्या छोट्या संग्रहालयात ‘वस्तू-दिवस’ कसा भरवावा

छोट्या संग्रहालयाने आसपासच्या रहिवाशांसाठी कार्यक्रम घ्यायचे ठरवले की सल्ल्यांना तोटा नसतो. फलक मोठा लावा, उद्घाटनाला नामवंत पाहुणा बोलवा, मुलांसाठी चित्रकलेची स्पर्धा ठेवा, भरपूर छायाचित्रे काढा, अशी ती यादी असते. यातले काहीही केले तरी फारसे बिघडत नाही आणि फारसे साधतही नाही. मी इथे ज्या कार्यक्रमाबद्दल लिहीत आहे तो वेगळा आहे. वस्तीतल्या माणसांनी घरातली एखादी जुनी वस्तू किंवा छायाचित्र घेऊन संग्रहालयात यायचे, संग्रहालयाने त्याची प्रतिमा घ्यायची, त्यामागची हकिकत ध्वनिमुद्रित करायची आणि वस्तू त्याच दिवशी त्या माणसाबरोबर घरी परत जायची. हा वस्तू-दिवस मी इतक्या वेळा भरवला आहे की त्यातले कोणते काम आपोआप होते आणि कोणते हमखास फसते, हे आता मला पाठ झाले आहे. फसणारी जागा एकच असते, दाराशी मांडलेले स्वीकृतीचे टेबल, म्हणजे आलेली वस्तू घेऊन तिची नोंद करण्याची जागा. बाकीच्या पायऱ्या मी थोडक्यात उरकणार आहे. खोली, खुर्च्या, स्कॅनर, चार-सहा स्वयंसेवक आणि नोंदवही तुमच्याकडे आहे असे गृहीत धरते.

विषय अरुंद ठेवा

‘जुन्या वस्तू घेऊन या’ असे आवाहन केले तर कोणी येत नाही. याचे कारण उदासीनता नसून संकोच असतो. ‘संग्रहालयात दाखवण्यासारखे आमच्याकडे काय असणार?’ हा प्रश्न मी दर वेळी ऐकते. आवाहन जितके मोघम, तितका हा संकोच वाढतो. ‘घराच्या किल्ल्या आणि कुलपे’, ‘शाळेचा पहिला गट-फोटो’, ‘नळ येण्यापूर्वी पाणी कशातून आणत होता?’ असा नेमका विषय दिला की माणूस मनातल्या मनात घरातली कपाटे उघडू लागतो आणि त्याला काहीतरी आठवतेच.

हा विषय विश्वस्तांच्या बैठकीत ठरवू नये. महिनाभर तिकीट-खिडकीपाशी एक वही ठेवा, येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय सलते ते विचारा आणि त्यातून विषय उचला. वॉशिंग्टनच्या अॅनाकोस्टिया भागात १९६७ मध्ये एका जुन्या चित्रपटगृहात वस्तीचे संग्रहालय सुरू झाले. जॉन किनार्ड त्याचे संचालक होते. १९६९ मध्ये तिथे चक्क उंदरांवर प्रदर्शन भरले आणि त्यात जिवंत उंदीर ठेवले होते, कारण त्या वस्तीतल्या लोकांना रोज छळणारा प्रश्न तोच होता. संग्रहालयाला शोभेल असा विषय शोधत बसणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली, तीत समुदायांच्या सहभागाचा उल्लेख आहे. मात्र वस्तीला केवळ प्रेक्षक म्हणून बोलावले तर तो सहभाग होत नाही. विषय ठरवण्यापासून तिला विचारावे लागते.

तारीख

सुट्टीचा दिवस, सकाळचे चार तास. १८ मे हा १९७७ पासून आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन म्हणून पाळला जातो आणि अनेकांना त्याच दिवशी कार्यक्रम घेण्याचा मोह होतो. माझे मत विचाराल तर तो दिवस टाळावा, कारण त्या दिवशी मोठ्या संग्रहालयांचे कार्यक्रम असतात आणि आपले हौशी स्वयंसेवकच तिकडे जातात.

निमंत्रण

निमंत्रणात ‘मौल्यवान’, ‘दुर्मीळ’ आणि ‘ऐतिहासिक’ हे तीन शब्द अजिबात वापरू नयेत. पहिल्या शब्दामुळे लोक किंमत काढून घ्यायला येतात, उरलेल्या दोन शब्दांमुळे येतच नाहीत. प्रत्येकाने एक वस्तू किंवा जास्तीत जास्त पाच छायाचित्रे आणावीत, असे स्पष्ट लिहा. ‘तुमची वस्तू तुमच्याबरोबरच घरी परत जाईल’ हे वाक्य सर्वांत ठळक अक्षरांत छापा.

काय आणू नये तेही लिहावे लागते. शस्त्रे, काडतुसे आणि तोफगोळ्यांचे तुकडे नकोत, मग ते निकामी आहेत असे घरचे कितीही सांगोत. औषधाने किंवा रसायनाने भरलेल्या जुन्या बाटल्या नकोत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या चित्रफिती नकोत, कारण त्या काळातली नायट्रेट फिल्म झटकन पेट घेते आणि एकदा पेटली की पाण्यानेही सहज विझत नाही. लाकडी वस्तूखाली बारीक भुकटी पडत असेल तर ती वस्तू न आणता तिचे छायाचित्र आणावे. एका वर्षी भुंगेऱ्याने पोखरलेली एक पेटी आम्ही कौतुकाने आत घेतली आणि नंतर कित्येक आठवडे आमच्याच कपाटांच्या खालची भुकटी तपासत बसलो.

मांडणी

येण्याचा आणि जाण्याचा दरवाजा एकच ठेवा आणि टेबल त्या दाराशीच लावा. खाणेपिणे दुसऱ्या खोलीत.

स्वीकृतीचे टेबल

आता मूळ मुद्द्याकडे येते. आम्ही भरवलेला पहिला वस्तू-दिवस सर्वांच्या मते फार यशस्वी झाला होता. गर्दी झाली, रांग रस्त्यापर्यंत गेली, छायाचित्रे छापून आली. संध्याकाळी खोली आवरताना टेबलाखाली एक कापडी पिशवी सापडली. तिच्यात एक छोटा अल्बम, दोरीत ओवलेल्या तीन किल्ल्या आणि एका काडीचा चष्मा होता. पिशवीवर नाव नव्हते. कोणा स्वयंसेविकेला अंधूक आठवत होते की एक वृद्ध बाई ‘हे राहू दे तुमच्याकडे’ असे काहीतरी म्हणाल्या होत्या, पण त्या कोण, आणि ‘राहू दे’ म्हणजे तासभर की कायमचे, हे कोणीच सांगू शकले नाही. जवळजवळ वर्षभराने त्यांचा मुलगा अल्बम मागायला आला. तोपर्यंत त्या बाई गेल्या होत्या. मी अल्बम त्याच्या हाती दिला, आणि पंधरा दिवसांनी त्याची बहीण येऊन विचारू लागली की आईने संग्रहालयाला दिलेली वस्तू तुम्ही परस्पर भावाला कशी दिली. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण माझ्याकडे कागद नव्हता. किल्ल्या आणि चष्मा कोणीच मागितला नाही. त्या दोन वस्तू आजही आमच्या कपाटात ‘मालक अज्ञात’ अशा चिठ्ठीखाली पडून आहेत. त्या प्रदर्शनात मांडता येत नाहीत, कोणाला देता येत नाहीत आणि टाकताही येत नाहीत.

त्यानंतर मी एक नियम केला आणि त्याला आजवर एकही अपवाद केलेला नाही. वस्तू-दिवशी आलेली एकही वस्तू त्या रात्री संग्रहालयात राहता कामा नये. दान म्हणून नको, उसनी म्हणून नको, ‘उद्या येऊन नेतो’ म्हणून तर मुळीच नको. पुढची सगळी व्यवस्था या नियमातून निघते.

टेबलावर दोन माणसे बसवा, एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने लिहायचे. इथे सर्वांत उत्साही स्वयंसेवकाला बसवू नका. उत्साही माणूस वस्तू पाहताच ती हातात घेतो, इतरांना हाका मारतो आणि नोंद राहून जाते. संग्रहालयाच्या प्रमुखालाही बसवू नका, कारण लोक त्याच्यापुढे उगाच अदबीने वागतात आणि त्याने सहज ‘वा’ म्हटले तरी त्याला वचन समजतात. शांत, थोडे संथ आणि अक्षर चांगले असलेले माणूस इथे हवे.

वस्तू मालकालाच उघडू द्या. त्याने गुंडाळलेले फडके त्यानेच सोडावे, अल्बमची पाने त्यानेच उलटावीत. यात सौजन्य आहेच, पण व्यावहारिक शहाणपणही आहे, कारण ते पान कुठून तुटते ते त्याला ठाऊक असते. मग वस्तूची अवस्था मोठ्याने सांगत लिहून घ्या: ‘चौकटीची काच उजवीकडे खाली तडकलेली, मागच्या पुठ्ठ्याला ओल लागल्याचा डाग, दोन खिळे नाहीत.’ लिहिलेले मालकाला वाचून दाखवा. हे करायला लाज वाटते, आपण आलेल्या माणसावर संशय घेतो आहोत असे वाटते. मलाही वाटायचे, म्हणून मी ते टाळत होते. पुढे एक गृहस्थ आधीपासून तडकलेल्या काचेबद्दल आमच्या स्वयंसेवकाला सर्वांसमोर बोलले आणि त्या मुलाने पुन्हा येणे सोडले. ती तडक पुसटशी, तिरकी होती आणि उजेडात धरल्याशिवाय दिसत नव्हती. तेव्हापासून प्रत्येक काच आम्ही मालकासमोर उजेडात धरतो.

क्रमांक साधा ठेवा: वर्ष, त्या वर्षातला कितवा कार्यक्रम, कितवी व्यक्ती आणि कितवी वस्तू. २०२४-२-१४-३ म्हणजे २०२४ मधल्या दुसऱ्या कार्यक्रमातल्या चौदाव्या व्यक्तीचे तिसरे छायाचित्र. हा क्रमांक संग्रहाच्या, म्हणजे संग्रहालयाच्या मालकीच्या वस्तूंच्या, दाखल-क्रमांकासारखा दिसू नये आणि मुख्य दाखल-नोंदवहीत कधीही चढू नये. त्याची वही वेगळी असावी, नाहीतर दहा वर्षांनी कोणीतरी ती वस्तू आपल्या मालकीची समजून कपाटात शोधत बसेल. क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधावी, आणि छायाचित्र असेल तर ते क्रमांक लिहिलेल्या कागदी पाकिटात ठेवावे. चिकटणारी चिठ्ठी वस्तूला कधीही लावू नये. टेबलावर शाईचे पेन ठेवूच नये, सगळे शिसपेन्सिलीने लिहावे. पावतीचे दोन भाग करून एक मालकाच्या हातात द्यावा आणि दुसरा वस्तूबरोबर फिरावा.

इथपर्यंतचे काम सवयीने जमते. खरी कसोटी पुढच्या क्षणी लागते. माणूस वस्तूकडे पाहतो, तुमच्याकडे पाहतो आणि म्हणतो, ‘ताई, ठेवूनच घ्या ना. घरी आता कोणाला काय किंमत आहे याची?’

छोट्या संग्रहालयाला हा क्षण फार मोहात पाडतो. कपाट रिकामे असते, वस्तू सुंदर असते, समोरच्याच्या डोळ्यांत पाणी असते. मी सुरुवातीला दर वेळी ‘हो’ म्हणत गेले आणि तो प्रत्येक ‘हो’ पुढे महागात पडला. आणणारा माणूस एकटा मालक असेलच असे नसते. भावंडे असतात, सुना-जावई असतात, परगावी राहणारा एखादा हक्कदार असतो. शिवाय तो त्या सकाळी भारावलेला असतो आणि भारावलेल्या माणसाकडून वस्तू घेणे मला योग्य वाटत नाही. तिसरे कारण आपल्या बाजूचे आहे. स्वीकारलेली प्रत्येक वस्तू जपायची जबाबदारी येते, आणि तेच ते पितळी डबे नि तेच ते रेडिओ किती जपणार, याचा विचार रांग वाढत असताना टेबलावर होऊ शकत नाही.

पण नकारही विचारपूर्वक द्यावा लागतो. ‘आम्ही घेत नाही’ एवढेच म्हटले तर समोरच्याला ‘तुमची वस्तू त्या लायकीची नाही’ असेच ऐकू जाते. एकदा माझ्या तोंडून हेच वाक्य गेले आणि त्या आजोबांनी फडके पुन्हा गुंडाळताना गाठ तीनदा मारली, ते मी विसरलेले नाही. आता मी म्हणते, ‘काका, आज आम्ही कोणाचीच वस्तू ठेवून घेत नाही, कितीही चांगली असली तरी. तुमची इच्छा मात्र या वहीत लिहून घेते. तीन आठवड्यांनी मी स्वतः फोन करीन. तोपर्यंत घरात सगळ्यांशी बोलून ठेवा.’ ही इच्छा-वही टेबलावर दिसेल अशी ठेवा आणि त्यांच्यादेखत तीत लिहा. तीन आठवड्यांनी फोन खरोखरच करा, तो विसरलात तर या वहीला काही अर्थ राहत नाही. फोनवर अनेकजण सांगतात की मुलीने ठेवून घेतले, नातवाने मागितले, किंवा ‘आता राहू दे घरातच’. ऐकून मला दर वेळी बरे वाटते. ज्यांची इच्छा टिकते त्यांचा प्रस्ताव संग्रह समितीपुढे न्या. समितीने होकार दिला तर रीतसर दानपत्र करा, त्यावर मालकीचा पूर्ण त्याग स्पष्ट लिहा, आणि मगच वस्तू आत घ्या.

दुसरा हमखास प्रश्न किमतीचा. ‘याचे बाजारात किती येतील?’ या प्रश्नाला आकड्याने उत्तर देऊ नका, अंदाजानेही नको, हसतहसतही नको. तुम्ही सहज म्हटलेला आकडा संग्रहालयाचा अधिकृत अभिप्राय म्हणून घरोघरी पोहोचतो. ‘ते आमचे काम नाही’ हे एकच उत्तर सर्व स्वयंसेवकांकडून पाठ करून घ्या.

राहिले संमतीपत्र. बहुतेक ठिकाणी एकाच चौकोनात सही घेऊन सगळ्याची परवानगी गृहीत धरतात. मला ही पद्धत अप्रामाणिक वाटते. प्रश्न किमान तीन आहेत आणि ते वेगवेगळे विचारले पाहिजेत. प्रत संग्रहालयाने जपून ठेवावी का? ती दालनात लावावी का? ती इंटरनेटवर टाकावी का? पहिल्याला हो म्हणणारे अनेकजण तिसऱ्याला नाही म्हणतात आणि त्यांना तसे म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे. नाव छापायचे की नाही, हा चौथा प्रश्न. छायाचित्रांच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. छायाचित्राची प्रत ज्याच्या घरात आहे त्याच्याकडे तिचा स्वामित्वहक्क असेलच असे नाही, बहुतेक देशांत तो मुळात छायाचित्रकाराचा किंवा त्याच्याकडून काम करवून घेणाऱ्याचा असतो. म्हणून मागे छायाचित्रालयाचा शिक्का असेल तर तो नोंदवून घ्या आणि असे चित्र इंटरनेटवर टाकण्यापूर्वी चौकशी करा.

संमतीपत्रावर सही कधी घ्यायची, याबाबत माझे मत ठाम आहे: ध्वनिमुद्रण झाल्यानंतर. आत शिरतानाच सही घेणे सोयीचे असते, पण बोलण्यापूर्वी आपण काय बोलणार आहोत हे कोणालाच माहीत नसते. एक बाई शिवणयंत्राच्या चाकाबद्दल सांगायला बसल्या आणि सांगता सांगता घरातल्या एका जुन्या भांडणावर आल्या. ज्यांच्याशी भांडण झाले ते लोक त्याच वस्तीत राहत होते. सही आधीच झालेली होती. रात्री दहा वाजता त्यांचा फोन आला, ‘ते शेवटचे काढून टाका हो, मला झोप येईना.’ आम्ही ते काढले, आणि दुसऱ्या दिवशी फॉर्मवर दोन ओळी वाढवल्या: संमती कधीही मागे घेता येईल, आणि त्यासाठी फोन कोणत्या क्रमांकावर करायचा.

शेवटचा हिशेब वेळेचा. हे सगळे नीट करायला एका माणसामागे दहा मिनिटे लागतात. म्हणजे एका टेबलावर तासाला सहा आणि चार तासांत चोवीस माणसे. मधला श्वास घेण्याचा वेळ वजा करता वीसच धरा. रांगेतल्या वीस जणांना क्रमांकाचे बिल्ले वाटून झाले की पुढच्यांची नावे लिहून त्यांना पुढच्या तारखेचे निमंत्रण द्या. जितके जास्त लोक तितका कार्यक्रम चांगला, असे सांगणाऱ्यांपैकी कोणीही या टेबलावर बसलेले नसते. गर्दी वाढली की सर्वांत आधी अवस्थेची नोंद गळते, मग पावती, आणि मग टेबलाखाली पिशवी सापडते.

थांबलेल्यांसाठी नकाशा

रांगेत बसलेल्यांना रिकामे ठेवू नका. वस्तीचा मोठा नकाशा छापून टेबलावर पसरा, भोवती पेन्सिली ठेवा आणि ‘तुमचे घर कुठे होते, शेजारी कोण होते’ एवढेच विचारा. केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स भागातून वर्णभेदाच्या राजवटीत सुमारे ६०,००० लोकांना हुसकावून लावले होते. १९९४ मध्ये एका जुन्या चर्चमध्ये उघडलेल्या तिथल्या संग्रहालयात जमिनीवर त्या वस्तीचा भला मोठा नकाशा आहे आणि मूळ रहिवाशांनी आपापली घरे जिथे होती तिथे नावे लिहिली आहेत. आपल्या छोट्या नकाशावरही हेच घडते. दोन अनोळखी माणसे एका कोपऱ्यावरून वाद घालू लागतात, विहीर रस्त्याच्या अलीकडे होती की पलीकडे यावर तिसरा येऊन निवाडा देतो, आणि संग्रहालयाला नोंदवहीत कुठेही न सापडणारी माहिती मिळते. ही खोडाखोड पुसू नका. दोन्ही मते तशीच राहू द्या आणि कार्यक्रम संपल्यावर नकाशाची प्रतिमा घ्या.

प्रतिमा घेणे

छायाचित्रे ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, जपण्यासाठी टिफ आणि देण्यासाठी जेपीईजी अशी दोन रूपे ठेवा, आणि मागची बाजू कोरी दिसली तरी तीही स्कॅन करा. फाईलचे नाव म्हणजे पावतीवरचाच क्रमांक. कागदासाठी धुऊन कोरडे केलेले हात पुरतात. पांढऱ्या सुती हातमोज्यांचा थाट दिसायला छान असतो, पण त्यांनी बोटांना पानाची कड कळत नाही आणि पान फाटते. छायाचित्राच्या तुकतुकीत पृष्ठभागाला आणि धातूला मात्र बोटे लागू नयेत म्हणून नायट्राइलचे (पातळ कृत्रिम रबराचे) हातमोजे वापरा. वस्तूंची छायाचित्रे फ्लॅशशिवाय, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्या.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. चिकट पानांचे आणि वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम येतील, आणि मालकच म्हणेल, ‘काढा ना फोटो, काही होत नाही.’ काढू नका. तो गोंद जुना झाला की फोटोच्या पाठीला असा धरून बसतो की उचलताना कागदाचे थर सुटतात. पान आहे तसेच, अख्खे स्कॅन करा.

हकिकत

ध्वनिमुद्रण लहान, पडदे असलेल्या खोलीत करा, फाईल डब्ल्यूएव्ही प्रकारात ठेवा आणि सगळ्यांचे फोन विमान-स्थितीत टाकायला सांगा. ‘या वस्तूबद्दलची आठवण सांगा’ असे विचारले की माणूस भाषण करू लागतो. त्याऐवजी ‘ही वस्तू घरात कुठे असायची?’ असे विचारा. उत्तर देताना तो आपोआप घरात शिरतो: दाराच्या मागे, खिडकीशेजारी, वरच्या फळीवर, आणि मग ती फळी कोणी ठोकली, तिथे हात कोणाचा पोहोचत नव्हता, हे येत जाते. तो थांबला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, मनात दहा मोजा. सर्वांत चांगले वाक्य बहुधा सात-आठच्या सुमारास येते.

वस्तू परत करणे

ज्याने वस्तू घेतली त्यानेच ती परत करावी. पावतीचे दोन्ही भाग जुळवावेत, अवस्था पुन्हा एकत्र पाहावी, मालकाची सही घ्यावी आणि दोन्ही भाग एकत्र टाचून आपल्याकडे ठेवावेत. कार्यक्रम संपताना न जुळलेले अर्धे एकही उरता कामा नये. उरले असेल तर कोणीही घरी जायचे नाही. त्यानंतर विजेरी घेऊन टेबलाखाली, खुर्च्यांच्या मागे आणि स्कॅनरच्या झाकणाखाली पाहावे. स्कॅनरच्या काचेवर राहिलेला फोटो ही सर्वांत जास्त घडणारी चूक आहे.

पुढचे दोन आठवडे

त्याच रात्री सर्व फाईलींच्या दोन प्रती करून त्यांतली एक इमारतीबाहेर ठेवावी. दोन आठवड्यांच्या आत प्रत्येकाला त्याच्या छायाचित्राची चांगली छापील प्रत आणि त्याची हकिकत टंकलिखित करून पाठवावी, सोबत दुरुस्तीसाठी रुंद समास सोडावा. मूळ छायाचित्रे प्रकाशात फिकी पडतात आणि दालनात त्यांना साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचे एकक) अधिक उजेड सोसत नाही. त्यामुळे प्रदर्शनात नेहमी या छापील प्रतीच लावाव्यात, आणि त्याही दुरुस्त्या परत आल्यावरच. लोक नावांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात, सनावळ्या बदलतात, क्वचित एखादा परिच्छेदच खोडतात. खोडलेला परिच्छेद ध्वनिमुद्रणातूनही काढावा आणि हाताने दुरुस्त केलेला तो कागद त्याच क्रमांकाच्या पाकिटात ठेवावा.